बेस डॉट एचटीएमएल

जँगो या वेब-फ्रेमवर्कवर उभ्या असलेल्या बहुतेक संकेतस्थळांत ‘बेस डॉट एचटीएमएल’ नावाची एक फाइल असते. कामासाठी ती सारखी उघडली जाते, वाचायची म्हणून क्वचितच. खरे तर ती वाचण्याजोगी असते.

पानाचा सगळा सांगाडा तिच्यात सलग दिसतो: वरची पट्टी, मेनू, तळटीप. मधेमधे मात्र लिहिणाऱ्याने हात आखडता घेतलेला असतो. ‘ब्लॉक टायटल’, ‘ब्लॉक कंटेंट’ अशी नावे देऊन काही जागा त्याने पुढच्यांसाठी राखल्या आहेत. दुसऱ्या पानाची फाइल सुरुवातीलाच ‘एक्स्टेंड्स’ म्हणून आपले कूळ सांगते आणि पुढे फक्त स्वतःचे वेगळेपण मांडते.

याची गोडी कळायला जुनी रीत आठवावी. डोके (हेडर) एका फाइलीत, पाय (फुटर) दुसरीत. प्रत्येक पान दोघांना ‘इन्क्लूड’ने बोलावणार. ‘डिव्ह’ टॅग उघडला हेडरमध्ये, मिटला फुटरमध्ये. एकटी वाचली तर दोन्ही फाइली अर्धवट. जँगोने दिशाच फिरवली: पानाने तुकडे गोळा करायचे नाहीत, अखंड सांगाड्यात आपली जागा भरायची.

ही रचना वर्तमानपत्राच्या कचेरीत घडली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमधील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये जँगोचे काम सुरू केले. 2005 मध्ये ते सर्वांना खुले झाले. मजकूर रोज नवा, मांडणी तीच, हे दैनिकातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

सर्वांत भावते ते राखीव जागेतले मूळचे लेखन. ब्लॉक रिकामाच असावा असे नाही. वारस पानाने काही भरले नाही, तर मूळ मजकूर तसाच उमटतो; ‘ब्लॉक डॉट सुपर’ लिहिले, तर तो राखून त्यात भर घालता येते. खटकते ते एकच. वारस फाइलीत ब्लॉकच्या बाहेर लिहिलेला मजकूर मुकाट गायब होतो, चुकीची साधी सूचनाही मिळत नाही.

जँगोची अधिकृत मार्गदर्शिका म्हणते, ब्लॉक कमी असण्यापेक्षा जास्त असलेले बरे. मला ते पटत नाही. पाच-सहा नावांत पान डोळ्यांपुढे उभे राहते. तीस नावे झाली की सांगाडा शोधावा लागतो.