‘वेड’ हे कारण होऊ शकतं का? : ‘द व्हाइट रोड’ वाचल्यावर

सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिलं वाक्य काय सुचतं? ‘अमुक पदार्थाने माणसाला पूर्वापार भुरळ घातली आहे.’ सिरॅमिक्सवरच्या माझ्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. गाइडनी खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं : ‘म्हणजे नक्की काय?’ एडमंड डी वाल यांचं पोर्सिलेनवरचं ‘द व्हाइट रोड’ (२०१५) वाचताना तोच प्रश्न परत पडला.

आधी चांगलं सांगते. डी वाल स्वतः पोर्सिलेनची भांडी घडवतात. ते चीनमधल्या जिंगदेझेनला, मग ड्रेस्डेन, कॉर्नवॉल असे फिरतात. माती हाताला कशी लागते हे माहीत असलेला माणूस लिहितोय, हे पानोपानी जाणवतं. युरोपातल्या पोर्सिलेनचं श्रेय एरवी एकट्या ब्योटगरला मिळतं. इथे त्शिर्नहाउस या गणितज्ञालाही भरपूर जागा आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. अमेरिकी आवृत्तीच्या उपशीर्षकात ‘ऑब्सेशन’ हा शब्द आहे आणि पुस्तकाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हा शब्द कितपत पुरतो, ते एका प्रसिद्ध उदाहरणावर तपासू. १७१७ साली सॅक्सनीच्या ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि पोर्सिलेनची १५१ भांडी घेतली. ऑगस्टसला वेड होतं, मान्य. पण सौद्याला दोन बाजू असतात ना? प्रशियाचा फ्रीडरिश विल्हेल्म काटकसरी होता, त्याला सैन्य वाढवायचं होतं आणि वारशात आलेल्या भांड्यांचं त्याला काही विशेष नव्हतं. एकाच्या हौसेइतकीच दुसऱ्याची बेफिकिरी इथे कारणीभूत आहे. ‘वेड’ म्हटलं की ही दुसरी बाजू दिसेनाशी होते. ज्यांना कुणी विचारलंच नाही, ते ६०० जणही.

ब्योटगरचंही तसंच. सोनं बनवतो म्हणाला, म्हणून ऑगस्टसने त्याला कैदेत ठेवलं. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला, तो तिजोरीत पैसा यावा म्हणूनही. १७२१ पासून संग्रहाची यादी होऊ लागली, भांड्यांवर क्रमांक कोरले गेले. एखादं भांडं कुठून कुठे गेलं हे आज सांगता येतं, ते त्या कारकुनी कामामुळे.

तर पुस्तक जरूर वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन. ‘वेड’, ‘ध्यास’, ‘भुरळ’ असे शब्द आले की तिथे विचारा : पैसा कुणाचा? देणारा का देतोय? नोंद कुणी ठेवली? हेच प्रश्न स्वतःच्या सिनॉप्सिसलाही लावा.

माझं ते पहिलं वाक्य मी खोडलं. त्या जागी आता केओलिन किती तापमानाला भाजतात, हे आहे. वाचायला रुक्ष आहे, पण व्हायव्हात त्यावर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल.