विदर्भातील अरुंदमापी लोहमार्ग आणि वनप्रदेश : इतिहासलेखनाची एक चिकित्सा

विदर्भातील छोट्या लोहमार्गांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बराच भाग मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ या एकाच गाडीने व्यापलेला आहे. कापूस, किलिक निक्सन कंपनी आणि स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिलेली परकीय मालकी या तीन गोष्टींमुळे त्या मार्गाला कथेचे आकर्षण लाभले. मात्र नागपूरच्या पूर्वेस व दक्षिणेस, सागवान-बांबूच्या प्रदेशातून गेलेल्या बंगाल नागपूर रेल्वेच्या अरुंदमापी मार्गांची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. ही उपेक्षा कशातून आली, याचा विचार करणे आवश्यक ठरते.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने मुख्य मार्ग रुंदमापी ठेवला, तर शाखांसाठी अडीच फुटांचे स्वस्त माप स्वीकारले. गोंदिया–नागभीड व नागपूर–नागभीड हे मार्ग १९०८ मध्ये सुरू झाले. १९१३ पर्यंत रूळ चांदा फोर्टपर्यंत पोहोचले. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, मूल ही स्थानके याच मार्गावरील. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतरचा हा काळ होता. म्हणून या मार्गांकडे दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा पडली. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु धान्य आत आणणारी मालगाडी परतताना काय नेत होती, हा प्रश्न त्या मांडणीत उपस्थितच होत नाही.

पर्यावरणाच्या इतिहासकारांनी जंगल आणि रेल्वे यांचा संबंध निश्चितच उलगडला आहे. १८६४ चे वनखाते, १८७८ चा वनकायदा आणि स्लीपरसाठी लागणारे साग-साल यांचे नाते माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांच्या १९९२ च्या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाले. तथापि या विवेचनात रेल्वे ही मुख्यतः लाकडाची ग्राहक म्हणून येते. वडसासारख्या स्थानकाचे महत्त्व यापेक्षा निराळे आहे. तेथे रेल्वे वाहक आहे. गावाच्या निस्तारातील लाकूड-बांबूला दूरच्या बाजाराची किंमत लावणारी ती यंत्रणा आहे. निस्तार हक्कांचा संकोच केवळ कायद्याने झाला, की स्थानक जवळ आल्याने त्याला वेग आला, हे गावनिहाय तपासल्याखेरीज सांगता येणार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट. काही उत्साही लेखनात या मार्गांना सरसकट ‘लाकडाची रेल्वे’ म्हटले जाते. कोचीन संस्थानाने १९०७ मध्ये सुरू केलेला परंबिकुलमचा वन-ट्रामवे खऱ्या अर्थाने तसा होता. तो सागवानासाठी बांधला गेला आणि लाकडाचा हिशेब जमेनासा झाल्यावर त्याचे प्रयोजनही संपले. झाडीपट्टीतील रेल्वेने मात्र तांदूळ वाहिला, आठवडी बाजाराची माणसे वाहिली, नागपुरात शिकणारी मुलेही वाहिली. तिच्या या मिश्र स्वरूपामुळेच तिच्यावर शोषणाचा किंवा विकासाचा एकच शिक्का मारता येत नाही.

नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. प्रताप नगरसारख्या वस्तीत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासाची पहिली ओळख बहुधा तेथेच होते, आणि ती इंजिनांची ओळख असते. जतनाचे हे कार्य मोलाचेच आहे. पण इंजिनाचा वर्ग व निर्मितीचे वर्ष सांगणाऱ्या मांडणीत रूळ टाकणारा मजूर, वनग्रामातील गोंड-माडिया लाकूडतोड्या आणि डेपोतील लिलाव यांना जागा सापडत नाही. छिंदवाडा मार्ग २०१५ मध्ये व नागभीड मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हाचे स्मृतिलेखनही खिडकीतून दिसणाऱ्या जंगलात रमले. ते जंगल कोणाचे, हे विचारण्याची तसदी फारशी घेतली गेली नाही. बाजारातही या प्रदेशाच्या सागवानाला ‘सी. पी. टीक’ वा ‘बल्लारशा’ असे प्रांताचे किंवा डेपोचे नाव मिळाले. ज्या गावाच्या शिवेत झाड वाढले, त्याचे नाव गळून पडले.

कंपनीचे अहवाल मैल, भाडे आणि नफा यांपुरते बोलतात. त्यांच्या जोडीला वनखात्याच्या कार्ययोजना, डेपोंच्या लिलाव-नोंदी, स्थानकांवरील मालाच्या वह्या आणि गोंडी-माडिया मौखिक परंपरा ठेवाव्या लागतील. यांतील वह्यांचे काम तातडीचे आहे. मार्ग बदलला की जुन्या स्थानक इमारतींबरोबर कागदही रद्दीत जाण्याचा धोका असतो.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. वडसा–गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या मार्गाची चर्चा आजही मागासलेपणाच्या परिभाषेतच होते, आणि गडचिरोलीकरांची रेल्वेची मागणी न्याय्यच आहे. मात्र याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वडशाच्या मालधक्क्यावरून शतकभर जो माल गेला, त्याच्या नोंदींत पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणाकोणाची नावे होती, हे त्या परवान्याशेजारी ठेवून पाहण्याचे काम अद्याप बाकी आहे.