शटरनंतरचं शिक्षण

३० जुलै २०१४ रोजी माळीण हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं, याची वार्ता बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे. फेरीवर आलेल्या त्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही. पुढचे काही दिवस आंबेगाव तालुक्याच्या या डोंगराळ कोपऱ्यात कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. चिखल उपसणारी पोकलेन, एनडीआरएफचे जवान, मंत्र्यांचे ताफे, हंबरडा फोडणारी माणसं. दीडशेच्या आसपास जीव गेले. वाचलेल्यांच्या दुःखाचे फोटो देशभर छापून आले. त्यांच्या स्वतःच्या घरातले लग्नाचे अल्बम अर्थातच ढिगाऱ्याखाली राहिले. २ एप्रिल २०१७ला नव्या माळीणचं लोकार्पण झालं तेव्हा कॅमेरे पुन्हा हजर झाले. मधली पावणेतीन वर्षं लोकांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढली, पण ती बातमीत बसणारी नव्हती.

तसा जुन्नर-आंबेगावला फोटोंचा दुष्काळ मुळीच नाही. शिवनेरीवर ड्रोन घोंगावतात. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा उडणारा धबधबा टिपायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. उसातून बाहेर पडलेल्या बिबट्याची सीसीटीव्ही क्लिप सकाळच्या चहाआधी गावाच्या ग्रुपवर आलेली असते. नारायणगाव ज्यासाठी ओळखलं जातं त्या तमाशावर तर संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे जाडजूड छायाचित्र-पुस्तकच आहे. फडामागचं बिऱ्हाड, ट्रकमधली झोप, आरशापुढचा थकवा हे सगळं पाहायला त्या माणसांमध्ये मुक्काम ठोकावा लागतो. भंडाऱ्यांकडे ती चिकाटी आहे. तरी तोही बाहेरून आलेल्या स्नेह्याचाच डोळा. फडावर वाढलेल्या पोरीने कॅमेरा धरला असता तर तिने काय वगळलं असतं, हे कळायला मराठीत सोय नाही.

आतल्या माणसाच्या हाती कॅमेरा आला तर काय दिसेल, हा प्रश्न सध्या सगळ्यात धारदारपणे विचारला जातोय तो बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये.

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून आले. त्या लोंढ्याच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८चं पुलित्झर मिळालं. चमूत दानिश सिद्दिकी होते. होडीतून उतरून किनाऱ्याच्या वाळूला हात टेकवणाऱ्या बाईचा त्यांचा फोटो अनेकांना आठवत असेल. उत्तम छायाचित्र, यात शंका नाही. पण छावणीतल्या ज्या तरुणांना १९८२च्या कायद्याने म्यानमारने नागरिकत्वच नाकारलं, त्यांना जगासमोर जाताना कायम वाळूवर गुडघे टेकलेलंच दिसायचं नव्हतं. साहात झिया हिरो हा त्यांच्यातलाच एक. मोबाइलवर फोटो काढता काढता तो इतरांना शिकवू लागला आणि २०२२मध्ये ‘रोहिंग्याटोग्राफर’ हे नियतकालिक निघालं. त्याचे छायाचित्रकार स्वतः निर्वासित. २०२३मध्ये साहातसह चार रोहिंग्या कथनकारांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नॅन्सेन पुरस्कार आशिया-प्रशांत विभागासाठी मिळाला.

पुरस्कारापेक्षा महत्त्वाचं आहे ते नियतकालिक. छावणीत काही काळ, सप्टेंबर २०१९पासून जवळपास वर्षभर, मोबाइल इंटरनेटवर निर्बंध होते. मार्च २०२१मध्ये आगीत हजारो झोपड्या जळाल्या. अशा ठिकाणी मोबाइल धरायला शिकवणं हा सर्वात सोपा भाग. अवघड ते पुढचं: कोणाचा चेहरा दाखवला तर त्याच्या जिवावर बेतेल, पन्नास फोटोंतला कोणता ठेवायचा, खाली काय लिहायचं, नाव कोणाचं लागणार. ‘रोहिंग्याटोग्राफर’मध्ये या निर्णयांत खुद्द रोहिंग्या आहेत. म्हणून त्यातली माणसं कुणाची दया मागताना दिसत नाहीत.

वंचितांच्या मुलांना कॅमेरे देण्याच्या जगभरच्या खटाटोपात नेमकं हेच राहून जातं. वेंडी एवॉल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९८९च्या सुमारास गुजरातेतल्या एका खेड्यात मुलांच्या हाती कॅमेरे दिले, त्याचं पुस्तकही झालं. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत झाना ब्रिस्कीने मुलांना शिकवलं. त्यावरच्या ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५मध्ये ऑस्कर मिळालं, एक मुलगा ॲमस्टरडॅमला जाऊन आला, मुलांच्या फोटोंचा लिलाव झाला. टीकाही तिखट झाली. आपल्या मुलांसाठी झटणाऱ्या आया आणि त्यांची संघटना चित्रपटात जवळजवळ अदृश्यच आहेत, हा आक्षेप सोनागाछीतूनच आला, आणि तो आजही खोडता येत नाही. मुलांचे फोटो ताजे, धीट होते. पण त्यांच्याभोवतीची गोष्ट सांगणारी होती ब्रिस्की.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा इतिहास जुना आहे, फक्त तो भलत्या दिशेने गेला. मुंबईत १८५४ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले आणि पुढे नावाजले. शहरातला सुशिक्षित देशी माणूस इतक्या लवकर कॅमेऱ्यामागे पोहोचला, ही कौतुकाची गोष्ट. त्याच काळात विल्यम जॉन्सनने मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींचे अल्बम काढले (१८६३ आणि १८६६). मुंबईचा विद्यार्थी कॅमेऱ्यामागे, बाकीच्या जमाती त्याच्यासमोर, ही वाटणी तेव्हाच झाली.

ती मोडायचे प्रयत्न झाले ते तुकड्यातुकड्यांत. मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुधारक ओलवे यांनी फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट काढून वंचित गटांतल्या तरुणांपर्यंत हे माध्यम नेलं. गोव्यातून चालणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटिअर्सने वस्त्या-खेड्यांतल्या वार्ताहरांना कॅमेरा शिकवला आणि, विशेष म्हणजे, कामाचा मोबदलाही दिला. तमिळनाडूत पलनी कुमार हा ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाचा छायाचित्रकार कष्टकऱ्यांच्या मुलांचे वर्ग घेतो. तो स्वतः मासळी विकणाऱ्या बाईचा मुलगा, त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातलं अंतर तिथे मुळातच कमी.

जुन्नर-आंबेगावात फोटोग्राफी शिकायची वाट ठरलेली आहे. नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या स्टुडिओत उमेदवारी करायची: आधी लाइट धरायचा, मग दुसरा कॅमेरा, मग प्री-वेडिंग आणि अल्बमचं डिझाइन. या वाटेला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. लग्नसराईतला पोरगा उन्हातला प्रकाश, गर्दी आणि अडून बसलेली आत्या या तिन्ही गोष्टी हाताळायला शिकतो, ते कला महाविद्यालयात शिकवत नाहीत. शिवाय पोट भरतं. पण गिऱ्हाइकाला जे हवं तेच टिपायची सवय इतकी मुरते, की स्वतःच्या गावाकडे बघतानाही तो पाहुण्यासारखाच बघतो: भातखाचरं हिरवी, धबधबा पांढरा, म्हातारी सुरकुतलेली.

आणि बघण्यासारखं किती पडलंय! तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. जमिनी गेलेल्या आदिवासींनी त्याच जलाशयावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने भातखाचरं बांधण्याची पडकईची पद्धत ‘शाश्वत’ या संस्थेच्या पाठपुराव्याने रोजगार हमीत आली, आणि संस्थेला २०१२चा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. बाळहिरडा गोळा करणाऱ्या बायकांचा हंगाम, व्यापाऱ्याच्या काट्यावरची घासाघीस. यातलं काहीही इन्स्टाग्रामच्या धबधब्याशेजारी दिसत नाही. दिसलंच तर एखाद्या संस्थेच्या अहवालात, खाली नाव नसलेल्या फोटोत.

विस्थापित आदिवासी आणि परागंदा रोहिंग्या यांना एका तागडीत घालण्याचा हेतू नाही. इथल्या माणसाकडे मतदार ओळखपत्र आहे, रेशनकार्ड आहे, गाऱ्हाणं घेऊन जायला तहसील कचेरी आहे. मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांचं नियतकालिक निघतं आणि इथे निघत नाही, याला साधनांची टंचाई हे कारण पुरत नाही. फोन घरोघरी आहेत. कमी पडतात ते संपादक, म्हणजे मुलांसोबत बसून फोटो निवडणारी, ‘हा का काढलास’ असं विचारणारी, फोटोखालची ओळ त्यांच्याच बोलीत राहू देणारी माणसं.

कार्यशाळांची रीतही याला जबाबदार आहे. दोन दिवस पुण्याहून कुणीतरी येतं, रूल ऑफ थर्ड्स सांगतं, प्रमाणपत्रं वाटतं, शेवटी गटाचा हसरा फोटो. तो फोटो देणगीदाराकडे जातो. मुलांचे फोटो आयोजकांच्या हार्ड डिस्कवर जातात आणि सहसा तिथेच राहतात. काही चांगलं निघालंच, तर ते वापरण्याआधी मुलाला विचारायचं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, त्याच्या अखत्यारीत आश्रमशाळा आहेत आणि तिथे मुलं वर्षानुवर्षं मुक्कामी असतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेला जे जमत नाही, ते इथे जमण्यासारखं आहे: आठवड्याला एक तास, चार जुने मोबाइल, मंचरच्या लॅबमधून काढून आणलेल्या प्रिंट आणि त्या जमिनीवर पसरून भांडायला मोकळीक. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने हिरड्याचा वजनकाटा टिपून आणला, तर त्याखाली त्या दिवशीचा भाव लिहायचा की नाही, यावर एक तास सहज जाईल. प्रिंट मात्र मुलाकडेच राहायला हवी, आणि मागे त्याचं नाव व तारीख.