‘शोधगंगा’ आणि नरसीचा नामा : एक परीक्षण

छापील ग्रंथांचें आणि पोथ्यांच्या याद्यांचें परीक्षण या पृष्ठांतून नेहमींच होत असतें. आज ज्याचें परीक्षण करावयाचें आहे त्यास पुठ्ठा नाहीं, बांधणी नाहीं व किंमतहि नाहीं. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचा ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह म्हणजे देशांतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीं मिळून भरलेलें एक सामायिक कोठार होय. या केंद्राचा आरंभ १९९१ त पुण्याच्या ‘आयुका’च्या आश्रयानें झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानें पीएच. डी. मिळालेल्या प्रबंधाची संगणकीय प्रत तीस दिवसांच्या आंत देण्याचें बंधन विद्यापीठांवर आलें, आणि आज पांच लाखांहून अधिक प्रबंध तेथें कोणासहि विनामूल्य वाचतां येतात.

दोष दाखविण्यापूर्वी उपकार मानणें योग्य. आमचें नरसी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेव्हांच्या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठीं १९१८ त निघालेलें हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ. पुढें १९५८ त औरंगाबादेस (आतांचें छत्रपति संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ झालें, १९९४ त नांदेडचें झालें, आणि १९९९ त परभणींतून फुटून हिंगोली हा आमचा निराळा जिल्हा झाला. नामदेवांचा अभ्यास करूं पाहणाऱ्यास एवढ्यानें भागत नाहीं. १६०४ त संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, म्हणून पतियाळा व अमृतसर हींहि टाळतां येत नाहींत. हिंदी पदावलीची १९६४ ची आवृत्ति पुणें विद्यापीठाची, म्हणून पुणेंहि आलेंच. एवढ्या ठिकाणचे प्रबंध आज कयाधूच्या कांठीं घरांत बसून, नातवाच्या यंत्रावर, आम्हांस पाहतां येतात. आमच्या पिढीच्या शिक्षकास हें स्वप्नांतहि दिसलें नव्हतें.

तथापि प्रबंध एका ठिकाणीं येणें व ते सांपडणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. संग्रहांतील नोंदी ज्या त्या विद्यापीठानें करावयाच्या. कोणी प्रबंधाचें नांव नागरींत देतो, कोणी रोमन लिपींत, कोणी इंग्रजींत भाषांतर करून. रोमन लिपींत नामदेवांच्या नांवाच्या शेवटीं कोणी ‘व्ही’ घालतो, कोणी ‘ओ’, आणि संस्कृत वळणाचा एखादा मध्यें ‘ए’ वाढवितो. एका रूपानें विचारावें तर दुसऱ्या रूपाखालचे प्रबंध मुकाट राहतात. जुन्या टंकांत जुळविलेल्या मराठी प्रबंधांची स्थिति याहून वाईट. डोळ्यांना नागरी दिसणारें पान यंत्रास रोमन अक्षरांची खिचडी वाटते, आणि जेथें पानांचीं केवळ छायाचित्रें घेतलीं आहेत तेथें तेवढेंहि नाहीं.

येथें आम्हांस ऑफ्रेख्तची आठवण होते. त्याचा ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ लाइप्झिग येथें १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत निघाला. त्याच्यापुढें मुख्यतः इतरांनीं केलेल्या याद्याच होत्या. तरी एक ग्रंथकार दहा याद्यांत दहा प्रकारांनीं आला असतां त्यास एका नांवाखालीं आणणें, आणि एका नांवाच्या दोघांस वेगळें काढणें, हें काम त्यानें स्वतःच्या शिरावर घेतलें. त्याचे कांहीं निर्णय पुढें फिरवावे लागले. पण निर्णय केलेले होते म्हणून ते फिरवितां तरी आले. पुढें लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचे कुलगुरु वूल्नर यांच्या सूचनेवरून मद्रास विद्यापीठानें १९३५ त तेंच काम नव्यानें हातीं घेतलें. विद्यापीठांचें सहकार्य ही कांहीं कालपरवाची कल्पना नव्हे.

नामदेवांच्या बाबतींत हा निर्णय टाळून चालतच नाहीं. विष्णुदास नामा हा नंतरचा, महाभारत रचणारा निराळा कवि. त्याची रचना नामदेवांच्या नांवावर चढल्याचा घोळ जुन्या गाथांपासून चालत आला आहे. नोंदींत नुसतें ‘नामा’ आलें तर तोच घोळ आतां यंत्रांतहि कायम होणार. स्थळाचें तेंच. आमच्या गांवाचें जुनें नांव नरसी बामणी. नांदेड जिल्ह्यांत नायगांव तालुक्यांत दुसरें नरसी आहे, आणि दोन्ही गांवें एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रांत पडतात! शिवाय नामदेवांचें जन्मस्थान कऱ्हाडकडचें, असें एक मत जुन्या अभ्यासकांत होतें. पंढरपूरचा पक्ष आणखी वेगळा. आमचें मत आमच्या पत्त्यावरून वाचकांनीं ओळखलेंच असेल, म्हणून तो वाद येथें काढीत नाहीं. पण ज्यास तो काढावयाचा आहे त्यास ‘नरसी’ म्हणजे कोणतें, हें नोंदींतच कळलें पाहिजे. गांवापुढें तालुका व जिल्हा लिहिण्यास कितीसा वेळ लागतो?

परदेशीं यावर उपाय झालेला आहे. अमेरिकेच्या व जर्मनीच्या मोठ्या ग्रंथालयांनीं २००३ पासून ‘व्हायफ’ नांवाची सामायिक नामसूची चालविली. पुढें इतर देश तींत आले. एका व्यक्तीचीं निरनिराळ्या देशांतील नामरूपें तींत एकत्र जोडलेलीं असतात, आणि कोणासहि स्वतःचें रूप सोडावें लागत नाहीं. मराठी संतकवींची अशी सूची आपल्या चार-पांच विद्यापीठांच्या ग्रंथपालांनीं मनावर घेतल्यास होण्यासारखी आहे.

याहून मोठी उणीव हस्तलिखितांच्या संग्राहकांसच जाणवेल. शेजारच्या गांवीं एका शिंपी कुटुंबांत अभंगांचें एक बाड होतें. शेवटचीं पानें गेलेलीं, त्यामुळें लेखनशक कळत नव्हता. तरी वळण जुनें होतें व पाठ छापील गाथेहून पुष्कळ ठिकाणीं निराळे होते. आमच्या एका विद्यार्थ्यानें प्रबंधासाठीं त्यांतील नाम्याचे अभंग अक्षरशः उतरून परिशिष्टांत दिले. घरांतील वृद्ध गृहस्थ वारल्यावर मंडळींनीं तें बाड कयाधूंत सोडलें. जीर्ण पोथी पाण्यांत सोडण्याची चाल वाचकांस ठाऊकच आहे. त्यांत त्यांचा भक्तिभावच होता, आम्ही त्यांस दोष देत नाहीं. मात्र त्या दिवसापासून तें परिशिष्ट हीच त्या बाडाची एकमेव प्रत झाली.

सामायिक संग्रहांत तो प्रबंध आम्हीं मोठ्या आशेनें उघडला. सहाहि प्रकरणें हजर, उपसंहार हजर, संदर्भसूचीहि हजर. परिशिष्ट तेवढें नाहीं. प्रकरणवार प्रती चढवितांना कोणीतरी तें फालतू समजून वगळलें असावें. विद्यापीठ कोणतें हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या प्रबंधांत अप्रकाशित पोथी वापरली आहे त्याच्या नोंदींत पोथीचें नांव, मालकाचें गांव, पत्रसंख्या व तिची नक्कल प्रबंधांत आहे कीं नाहीं, हीं चार कलमें सक्तीचीं असावींत. आणि परिशिष्टावांचून आलेली प्रत अपूर्ण म्हणून परत पाठवावी. कित्येक खासगी पोथ्या आज अशा प्रबंधांच्या मागच्या पानांतच काय त्या उरल्या असतील, आणि नेमकीं तींच पानें कोणी मोजीत नाहीं.

विद्यार्थ्याच्या घरची बांधीव प्रत आम्हांस गेल्या चैत्रांत पाहावयास मिळाली. परिशिष्टाचीं अडतीस पानें आहेत. त्यांतील अकराव्या पानावर चहाचा डाग पडून दोन ओळी गेल्या आहेत. बाकीच्या सर्व पानांचीं छायाचित्रें घेऊन आम्हीं त्या ग्रंथालयाकडे पाठविलीं आहेत.