प्रभाचा एक-तिसांश

आत्याच्या हक्कसोड पत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी हिंजवडीत स्टँडअप कॉलवर होतो. खाली वडिलांचा मेसेज : 'नावं, गट नंबर बघून घे. चूक नको.' मी कोडमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या कागदांचं टेस्टिंग माझ्याकडेच येतं. दहा मिनिटांत दोन चुका सापडल्या. एका गट नंबरचे आकडे उलटे पडले होते आणि आत्याच्या सासरच्या आडनावात एक वेलांटी चुकली होती. दुरुस्त करून परत पाठवला. तिसरी चूक दिसायला मला तीन आठवडे लागले, आणि ती मला एका नाटकामुळे दिसली.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मी आत्याच्याच बारामतीच्या घरात वाचलं. पुस्तकावर तिचं माहेरचं नाव, खाली 'एफ. वाय. बी. ए.'. पुढची वर्षं झाली नाहीत, लग्न झालं. कागदावर सही घ्यायची तारीख ठरवायला वडिलांनी मला तिच्याकडे पाठवलं होतं. ती दूध आणायला गेली होती, मी कपाटासमोर उभा राहून पहिला प्रवेश वाचला आणि मग खाली बसलो.

नाटक १९८५ चं, विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलेलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेलेत. मुंबईचा सुधीर बायकोला घेऊन आलाय. दिवस करायचे आहेत, गावात इभ्रत राखायची आहे आणि पैसा नाही. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर. थोरला भास्कर सगळं धरून बसलाय, धाकटा चंदू घरच्या गड्यासारखा राबतोय, आणि प्रभा, जिला शिकायचं होतं आणि जिला शिकू दिलं नाही, ती घरातच आहे.

या नाटकाबद्दल मी आधी जे वाचलं होतं त्यात बहुतेक वेळा दोन शब्द होते : एकत्र कुटुंब आणि ऱ्हास. म्हणजे पडणारा वाडा हाच नायक. आपण प्रेक्षागृहातून बाहेर येतो ते वाड्यासाठी हळहळत. मला ही हळहळ आता थोडी संशयास्पद वाटते. वाडा पडतोय हे खरं, पण कोणाचा वाडा? किती कोणाचा? भाऊ आपापसात हिशेब करतात, खर्चावरून आणि सोन्यावरून टोचून बोलतात. प्रभाच्या वाट्याचा अपूर्णांक मात्र कोणी उच्चारत नाही. म्हणून तो मी काढला.

वाडा आणि जमीन वडिलोपार्जित, तात्याजींचं मृत्युपत्र नाही, असं धरू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तात्याजी वारण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं समजायचं. तात्याजी, आई आणि तीन मुलगे, म्हणजे पाच वाटे. मग तात्याजींचा एक-पंचमांश त्यांच्या वारसांत वाटायचा : आई, तीन मुलगे, प्रभा, आणि अंथरुणावरची दादी. हो, दादीसुद्धा. मेलेल्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, तिचा वाटा नातीइतकाच. एक-पंचमांशाचे सहा भाग केले की प्रभाला येतो १/३०. भास्कर, सुधीर, चंदू आणि आईला प्रत्येकी ७/३०. बेरीज करून बघा, तीस भरतात. सगळ्यांनी गडी समजलेला चंदू कागदावर भास्करच्या बरोबरीचा मालक आहे, हे या गणितात आपोआप बाहेर येतं. मला ते नाटकातल्या कुठल्याही संवादाइतकंच बोचलं.

पण खरी गंमत, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर, कलम २३ मध्ये आहे. कुटुंबीयच राहत असलेल्या घरात मुलीला वाटा असला, तरी पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करायचं ठरवत नाहीत तोवर ती वाटणी मागू शकत नाही. तिला फक्त राहण्याचा हक्क, आणि तोही ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल तरच. आता प्रभाकडे बघा. लग्न झालेलं नाही, वाड्यात राहते, वाड्याबद्दल काही ठरवू शकत नाही. समीक्षक ज्याला तिची घुसमट, तिची नियती म्हणतात ते या कलमात जवळजवळ जसंच्या तसं लिहिलेलं आहे. एलकुंचवारांनी कायदा समोर ठेवून पात्र बेतलं असं मी म्हणत नाही. त्यांनी घर नीट पाहिलं, आणि कायदा त्याच घरासारखा बनवलेला होता.

हे कलम ९ सप्टेंबर २००५ ला गेलं. त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकी हक्कदार झाली. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तात्याजी आज गेले तर प्रभाला ७/३६ मिळतात, जवळपास सहापट. वाडा तोच, ट्रॅक्टर तोच. नियतीत असा बदल होत नसतो.

इथे मला नाटकाबाहेरची एक बाई आठवते, जिच्यावर नाटक लिहिलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही. हिराबाई खंडाप्पा मगदूम. नवरा २७ जानेवारी १९६० ला वारला. मागे ती, दोन मुलगे, तीन मुली. १९६२ मध्ये तिने सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या कोर्टाने दिला १/२४. ती उच्च न्यायालयात गेली, तिथे ७/२४ मिळाले. मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ एप्रिल १९७८ ला हरला. निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांचा. त्यातलं तर्कशास्त्र कोणत्याही प्रोग्रामरला आवडेल : वाटणी झाली असं एकदा मानलंत, की त्यातून निघणारं सगळं मानावं लागतं. नवऱ्याचा वाटा काढण्यापुरती वाटणी मानायची आणि त्याच वाटणीत बायकोला मिळणारा चौथा हिस्सा विसरायचा, असं चालत नाही.

आपल्या नाटका-सिनेमांत आई वाटणीच्या वेळी पदराने डोळे पुसते. ही आई मुलाविरुद्ध पंधरा वर्षं लढली. आणि तरी हिराबाईच्या त्या विजयात तिच्या तीन मुलींना प्रत्येकी १/२४ च होता. निकाल वाचताना त्या मुली मला प्रभासारख्याच दिसत राहिल्या, नावं आहेत पण आवाज नाही. (आजच्या कायद्याने त्या घरात सहाही जणांना सारखा १/६ येतो. आईचा वाटा घटतो, मुलींचा चौपट होतो. हिराबाईला हे कसं वाटलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.)

आता आमच्या घराकडे येतो. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला सहा एकर. पाणी आलं तर ऊस, नाही तर वाट बघणं. गेल्या वर्षी आण्णा गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर वडील, नाना आणि आत्या अशी तीन नावं लागली. आमच्याकडे बहिणीचं नाव असं लागतं, आणि लागलं की ते काढायची घाई सुरू होते. दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोड पत्र नोंदवायचं, घरी येऊन साडी-चोळी करायची, पुरणाचं जेवण. यात कोणी खलनायक नसतो. माझे वडील भास्करपेक्षा कितीतरी साधे आहेत. ते मनापासून म्हणतात, 'तिला कुठं पाहिजे? आपण कधी तिला तोडलंय का?' मध्येच नाना म्हणाले, आण्णांनी मृत्युपत्र केलं होतं. कागद बघितला तर वहीचं पान, साक्षीदाराची एकही सही नाही. दोन साक्षीदार लागतात. तो विषय तिथेच मिटला.

आणि मी? आत्याचे दोन एकर सुटले की त्यातला एक आमच्या घरात येतो, म्हणजे उद्या माझ्या नावावर. मी वेलांटी दुरुस्त करत होतो ती या एकरासाठी. हे लिहिल्याशिवाय प्रभावर बोलणं मला जमणार नव्हतं.

आत्या दूध घेऊन आली. मी म्हटलं, सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवू. 'वकिलाला कशाला पैसे घालायचे?' मी सांगितलं, कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, १९८७ च्या कायद्याने बाईला वकील मोफत मिळतो. त्यावर ती रागावली. 'मी काय गरीब हाय का?' तिला समजावलं, की बाईसाठी उत्पन्नाची अट नसते. मालमत्तेच्या दाव्यात महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी सुद्धा माफ आहे, १९९४ पासून. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, 'दाव्याचं कोण बोललं?'

बारामतीच्या कोर्टात आम्ही गेलो. समितीच्या वकीलबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मला राग आला, मीच तर आणलं होतं तिला. वीसेक मिनिटांनी आत बोलावलं. त्यांनी मसुद्यातली ओळ वाचून दाखवली, ज्यात लिहून देणार हिने राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आपला संपूर्ण हक्क सोडला आहे. मग मला विचारलं, 'यात हिस्सा किती ते कुठे लिहिलंय?'

नव्हतं लिहिलेलं. गट नंबर होते, चतु:सीमा होत्या, एकूण क्षेत्र होतं, प्रत्येकाचं वय होतं. ती काय सोडतेय तो आकडा नव्हता. ही तिसरी चूक. मी वाड्यातल्या प्रभाचा अपूर्णांक शोधत बसलो होतो आणि माझ्या फोनमधल्या पीडीएफमधला मला दिसला नव्हता.

माझा 'वाडा चिरेबंदी'वर आक्षेप असलाच तर तो लेखकापेक्षा आपल्यावर जास्त आहे. नाटक कठोर आहे, ते कोणाचीही बाजू घेत नाही. रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर सोनं घेऊन पळते तेव्हा एलकुंचवार त्या सोन्याची सगळी प्रतिष्ठा एका झटक्यात काढून घेतात. पण एक गोष्ट मला खटकत राहते. नाटकाच्या वातावरणात, त्या दाट संधिप्रकाशात, प्रभाचं वंचित राहणं आणि भिंतीला भेग पडणं यांचा रंग एकच होतो. भेग काळाने पडते. प्रभाचं तसं नाही. ते माणसांनी लिहिलं, संसदेत मंजूर केलं आणि ४९ वर्षांनी खोडलं. नाटकात कोणीतरी एकदा, रागात का होईना, तो १/३० म्हणायला हवा होता. त्याने काव्य बिघडलं असतं असं म्हणणारे मित्र आहेत. मला वाटतं थोडं बिघडायला हवं होतं.

परतताना आत्या रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने मसुदा घडी करून त्याच पुस्तकात ठेवला आणि म्हणाली, 'दादाला सांग, आधी आकडा लिही म्हणावं. मग बघू.' सही करणार की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या रात्री मसुद्यात एक ओळ वाढवली : 'माझा अविभक्त एक-तृतीयांश हिस्सा, अंदाजे दोन एकर'. फाइल वडिलांना पाठवली. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. आज नववा दिवस आहे.