अर्धे वाक्य, पुरी साक्ष

ठाण्या-डोंबिवलीकडे जीवोत्पत्तीवर वाद रंगला की कोणीतरी फ्रेड हॉइल यांची साक्ष काढतोच. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेले तर आपोआप विमान तयार होईल काय, हा त्यांचा गाजलेला दृष्टांत. ऐकणारा गप्प! मला या साक्षीत लबाडी दिसते. जीवबीजे अंतराळातून आली, हे हॉइल यांचे खरे म्हणणे. ते कापून दृष्टांत तेवढा पुढे करायचा! बरे, दृष्टांतही लंगडाच. पेशी एका फटक्यात जुळून आली, असे जीवशास्त्रज्ञ म्हणतात तरी कुठे?

हॉइल यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, यांनी गुरूंचे मत नुसते मिरविले नाही. ते तपासायला घेतले. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादेहून फुगे उडाले. २००५ च्या खेपेत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा झाली आणि तीत तीन नवे जीवाणू सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकाला हॉइल यांचे नाव दिले. (शिष्याची गुरुदक्षिणाच म्हणा ना!) मात्र हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तेव्हाच सांगून टाकले. ही ओळ साक्षीला काढणारा मला अजून भेटायचा आहे.