प्रतीवरून केलेली प्रत

ग्रंथाची प्रत करणारा मनुष्य निराळा आणि ग्रंथाचा अर्थ लावणारा निराळा, असें मानण्याची वाङ्मयविवेचकांस संवय आहे. पहिल्याचें काम हमालीचें, दुसऱ्याचें बुद्धीचें, असा त्यामागें न बोललेला अहंकार असतो. हस्तलिखितांच्या बाबतींत हा अहंकार टिकत नाहीं, हें पोथ्या चाळलेल्या कोणासही ठाऊक आहे. लेखनिकास डुलकी लागली तर एका ओळीचा अर्थ फिरतो, आणि त्या फिरलेल्या अर्थावर पुढें चार टीकाकार वाद घालीत बसतात. परंतु छायाचित्रानें, आणि आतां संगणकानें, केलेल्या प्रतीविषयीं आम्ही सारेच निर्धास्त असतों. यंत्र डुलकी घेत नाहीं. तेव्हां यंत्राची प्रत म्हणजे मूळच, अशी समजूत दृढ झाली आहे. जुन्या मायक्रोफिश व मायक्रोफिल्म यांच्या डिजिटल फाइली करण्याचें जें काम जगांतील ग्रंथालयांनीं चालविलें आहे, त्याचें परीक्षण वाङ्मयाच्या दृष्टीनें व्हावयास पाहिजे असें आम्हांस वाटतें, तें या समजुतीमुळें.

ज्यांच्या कानांवरून हा शब्द गेला नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करतों. फिश हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ टिपणाची चिठ्ठी असा आहे. मत्स्यकुलाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. १४८ मिलिमीटर लांब व १०५ मिलिमीटर रुंद असा, म्हणजे पोस्टकार्डाएवढा, फिल्मचा पारदर्शक तुकडा. त्याच्या वरच्या कडेस नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येईल असें ग्रंथाचें नांव. आणि खालीं सात ओळींत प्रत्येकीं चौदा याप्रमाणें अठ्ठ्याण्णव इवलालीं चित्रें. चित्रांतील पान मूळ पानाहून बहुधा चोवीस पटींनीं लहान केलेलें असतें. हींच चित्रें लांब पट्टीवर घेऊन गुंडाळलीं कीं ती मायक्रोफिल्म होते. युक्ति जुनी आहे. १८७०-७१ सालीं पॅरिसला वेढा पडला असतां दाग्रों नांवाच्या छायाचित्रकारानें अशीच सूक्ष्म केलेलीं पत्रें पारव्यांच्या शेपटीस बांधून शहरांत पोंचविण्यांत आलीं. विसाव्या शतकांत जागेच्या टंचाईनें व कागद कुजण्याच्या धास्तीनें ग्रंथालयांनीं ती उचलली. आतां तीं वाचण्याचीं यंत्रें अडगळींत गेलीं. ॲसिटेटच्या जुन्या फिल्मांस व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊं लागून त्या आक्रसूं लागल्या. म्हणून फाइली करणें भाग आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं.

वाद पुढें आहे, आणि तो प्रत्यक्ष उदाहरणावरून मांडणें बरें. यूजीन पॉवर या गृहस्थानें १९३८ सालीं अमेरिकेंतील ॲन आर्बर येथें ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही संस्था काढली. १६४० पर्यंतच्या इंग्रजी पुस्तकांची जी सूची पोलार्ड व रेडग्रेव्ह यांनीं १९२६ त प्रसिद्ध केली होती, ती हातीं धरून ब्रिटिश म्यूझियममधील व इतर संग्रहांतील पुस्तकें फिल्मवर घेण्याचा उद्योग त्यानें चालविला. ज्यास लंडनची वारी परवडत नाहीं अशा विद्यार्थ्यास शेक्सपिअरच्या काळचें पुस्तक आपल्या गांवीं वाचावयास मिळूं लागलें, हें त्या उद्योगाचें फळ लहान नव्हे. पुढें १९९८ त त्या फिल्मांवरून केलेलीं चित्रें ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ या नांवानें संगणकावर आलीं. आज त्या काळाच्या इंग्रजी वाङ्मयावर जो लिहितो, तो बहुधा हाच संग्रह समोर ठेवून लिहितो; मग तो ऑक्सफर्डचा असो कीं वर्गणी भरलेल्या एखाद्या हिंदी विद्यापीठाचा.

या संग्रहाची उपयुक्तता नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि तो पाहतांना आपण पुस्तक पाहत नसून पुस्तकाच्या फिल्मचें चित्र पाहत आहों, याची आठवण वाचकास कोठेंच सुखासुखीं होत नाहीं. पडद्यावर सर्व ग्रंथ एकाच उंचीचे. खिशांत मावणारी प्रार्थनेची पुस्तिका आणि दोन हातांनीं उचलावें लागणारें बायबल हीं शेजारींशेजारीं जुळ्या भावंडांसारखीं उभीं असतात. फिल्म कृष्णधवल, तिच्यावरून चित्रें घेतांना करड्या छटाही काढून टाकल्या व निव्वळ काळा आणि पांढरा एवढेच दोन वर्ण ठेविले. त्यामुळें तांबड्या शाईनें छापलेलें शीर्षक काळें झालें. समासांत कोणा जुन्या वाचकानें फिकट शाईनें केलेली टीप कोठें पुसून गेली, तर कोठें कागदावरचा डागच अक्षरासारखा ठसठशीत उमटला. जें संशयास्पद होतें तें निश्चित झालें, हा यांतला खरा दोष. अंधुक प्रत वाचकास सावध तरी करते; ही प्रत अंधुकपणाच नाहींसा करते आणि त्याबरोबर सावधपणाही.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ सालीं निघाला. फोल्जर ग्रंथालयांतील त्याच्या पन्नासांहून अधिक प्रती एकमेकींशीं ताडून पाहून चार्लटन हिनमन यानें १९६३ त असें दाखवून दिलें कीं, छपाई चालूं असतांच मुद्रणालयांत दुरुस्त्या होत, आणि दुरुस्त व अदुरुस्त असे दोन्ही प्रकारचे कागद एकाच पुस्तकांत बांधले जात. म्हणजे त्या काळीं छापील पुस्तकाची प्रत्येक प्रतसुद्धां पोथीसारखी थोडीफार स्वतंत्र असे. फिल्म घेणाऱ्यानें सोयीस्कर अशी एक प्रत उचलली. त्यास दुसरा इलाज नव्हता. पण संगणकाच्या सूचींत त्या एका प्रतीस ‘पुस्तक’ हें नांव मिळालें, आणि तिच्यांतील फाटलेलें पान हें त्या पुस्तकाचें फाटलेलें पान ठरलें.

जुन्या वळणाच्या छापील अक्षरांचीं हीं चित्रें वाचणें यंत्रास नीट साधेना, म्हणून १९९९ पासून मिशिगन व ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या पुढाकारानें माणसें बसवून अक्षर न् अक्षर टंकून घेण्यांत आलें. त्यांतील पंचवीस हजारांवर ग्रंथ १ जानेवारी २०१५ पासून सर्वांस मोफत खुले झाले आहेत. टंकणाऱ्यास जें अक्षर लागलें नाहीं तेथें त्यानें अंदाज न बांधतां न लागल्याचें चिन्ह ठेविलें. सगळ्या व्यवहारांत आम्हांस ही गोष्ट अत्यंत आदरणीय वाटते. मात्र तें चिन्ह पाहून वाचक समजतो कीं पुस्तकच तेथें झिजलें आहे. वस्तुतः पुस्तक ग्रंथालयांत स्वच्छ असूं शकतें व झीज केवळ फिल्मची असूं शकते.

या प्रकरणावर सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे निकल्सन बेकर या अमेरिकन कादंबरीकाराचा ‘डबल फोल्ड’ (२००१). पानाचा कोपरा एकदां पुढें व एकदां मागें दुमडावयाचा, आणि तो किती दुमडींत तुटतो त्यावरून कागदाचें आयुष्य ठरवावयाचें, अशी एक परीक्षा ग्रंथपाल करीत. तिच्यावरून हें नांव पडलें. बेकरचा आरोप असा कीं, कागद आतां चुरा होणार अशी हांकाटी करून ग्रंथालयांनीं बांधीव खंड कापले, फिल्म घेतली आणि मूळ रद्दींत घातलें. ब्रिटिश लायब्ररीनें १९९९ त अमेरिकन वृत्तपत्रांचे जुने खंड विकावयास काढले तेव्हां या मनुष्यानें पदरचे पैसे घालून ते वांचविले. २००४ पासून ते ड्यूक विद्यापीठांत आहेत. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या रंगीत पुरवण्या त्यांत आहेत. फिल्मवर रंग नाहीं. आणि फिल्मवरून केलेल्या फाइलींत तो कोठून येणार? बेकरनें व त्याच्या पत्नीनें त्या पुरवण्यांतील निवडक पानें २००५ त पुस्तकरूपानें छापलीं, तेव्हां काय गमावलें जात होतें तें लोकांस कळलें.

ग्रंथ आवेशपूर्ण आहे व वाचनीय आहे. परंतु तो वकिली थाटाचा आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें बेकर मांडतो तें मोडण्यापुरतेंच. सर्व कांहीं सर्वकाळ ठेवणें कोणत्याही संस्थेस शक्य नसतें, आणि काय टाकावें हें ठरविण्याचें कटु काम ग्रंथपालास करावेंच लागतें, हें त्याच्या गळीं उतरत नाहीं. शिवाय त्याचा कागद थंड, कोरड्या गोदामांतला आहे. कोंकणांतील चार पावसाळे काढलेलें, कसरीनें चाळण केलेलें, शिवण सुटलेलें एखादें कादंबरीचें पुस्तक बेकरच्या हातीं दिलें असतें तर कागदाच्या चिरंजीवित्वाविषयींची त्याची निष्ठा थोडी डळमळली असती. म्हणून त्याचा निर्णय जसाच्या तसा उचलून आमच्याकडे लावणें आम्हांस मान्य नाहीं. येथें पुष्कळदां प्रश्न मूळ कीं प्रत असा नसतो. प्रत कीं कांहींच नाहीं असा असतो.

आणि नेमक्या याच कारणानें येथें प्रतीविषयीं अधिक कडक असावयास पाहिजे. साहित्य अकादमीनें प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय ग्रंथसूचींत १९०१ ते १९५३ या काळांतील भारतीय भाषांतील पुस्तकांची नोंद आहे, व तींत मराठीही आहे. त्या सूचीच्या आधारें निवडलेलीं पुस्तकें मायक्रोफिशवर घेण्याचें काम येथील व अमेरिकेंतील ग्रंथालयांच्या सहकार्यानें झालें. ज्या पुस्तकाची छापील प्रत उद्यां कोठेंच उरणार नाहीं, त्याची फिश हीच मूळ होऊन बसणार, आणि फिशवरून केलेली फाइल हेंच त्याचें शेवटचें रूप.

आतां त्या काळच्या मराठी छपाईंतला अनुस्वार पाहा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं पुष्कळ टिंबें गेलीं. त्यापूर्वींच्या पुस्तकांत ‘ते’ म्हणजे पुरुष व ‘तें’ म्हणजे वस्तु, ‘केली’ म्हणजे एक गोष्ट व ‘केलीं’ म्हणजे अनेक कामें, हा भेद एका टिंबावर उभा असे. ‘त्याचें मत’ व ‘त्यांचें मत’ यांतला भेद तर आजही त्या टिंबावरच आहे. न्यायमूर्ति रानड्यांविषयीं लिहितांना हें टिंब गळालें तर लेखक उद्धट ठरतो. कागदावर अर्धा मिलिमीटर असलेलें टिंब चोवीस पटींनीं लहान झालें म्हणजे फिशवर मिलिमीटरचा अठ्ठेचाळिसावा भाग उरतो. मूळ पानाच्या एका इंचांत तीनशें बिंदू मिळावेत अशी सामान्य अपेक्षा धरली तरी स्कॅनरनें फिशवरील एका इंचांत ७२०० बिंदू टिपले पाहिजेत. तेवढी शक्ति नसलेल्या यंत्रावर, करड्या छटा गाळून, घाईनें काम उरकलें तर टिंब जातें. उलट फिल्मवर बसलेला धुळीचा कण शिरोरेषेवर चढून बसला तर एकवचनाचें अनेकवचन होतें. असल्या फाइलींवरून यंत्रानें शब्द वाचावेत, त्या शब्दांवरून कोश व व्याकरणाचे निष्कर्ष काढावेत, ही पुढची पायरी आलेलीच आहे.

पाठचिकित्सेचें शास्त्र ज्या प्रांतांत इतकें रुजलें त्यास हें सांगावें लागूं नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ त हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ त पुरी झाली. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं आधारास घेतलेल्या पोथ्यांची लिपि कोणती, त्या कोठल्या, कोणती कोणत्या कुळांतली, याचा हिशेब दिला आहे. एका पोथीवरून दुसरी उतरली आहे असें ठरलें, आणि पहिली हातांत असली, तर दुसरीस स्वतंत्र साक्षीदार मानीत नाहींत, हा त्या शास्त्राचा प्राथमिक धडा आहे. फिशलाही असेंच कूळ असतें. कॅमेऱ्यांतून निघालेली पहिली निगेटिव्ह, तिच्यावरून केलेली दुसरी, आणि दुसरीवरून वाचकांसाठीं काढलेल्या स्वस्त डायझो प्रती, ज्यांचा रंग उजेडानें उडतो. प्रत्येक पिढींत रेषा थोडी जाड होते, बारकावा थोडा बुजतो. तरीही फाइल करतांना कपाटांत सहज सांपडते म्हणून तिसऱ्या पिढीची प्रत यंत्रांत घातली जाते, आणि फाइलीवर तसा उल्लेख क्वचितच असतो. जेथें मूळ कागद जिवंत आहे तेथें कागदाचेंच नवें, रंगीत चित्र घ्यावें. जेथें तो नाहीं तेथें पहिली निगेटिव्ह शोधावी. आणि फाइल झाली म्हणून फिश टाकून देण्याचा मोह आवरावा, कारण उद्यांचें यंत्र आजच्याहून बारीक पाहील.

जुना लेखनिक पोथीच्या शेवटीं शक, तिथि, गांव व आपलें नांव लिही, आणि जसें पाहिलें तसें उतरविलें आहे, दोष मला देऊं नये, अशी विनवणी करी. पुष्कळ फिशांवर अशी पुष्पिका आरंभींच असते. पहिल्या दोन-तीन चित्रांत पुस्तक कोणत्या ग्रंथालयाचें, चित्र कोणीं घेतलें, किती पटींनीं लहान केलें, हें लिहिलेलें असतें, आणि शेजारीं भिंगाची बारकाई मोजण्याकरितां बारीक रेषांचा एक तक्ता असतो. फाइली करणारे कारागीर हीं चित्रें पुस्तकाचीं नव्हत म्हणून कापून टाकतात. त्यांस तसें करण्याची आज्ञा देणारे जे कोणी अधिकारी असतील त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, तीं चित्रें फाइलींत प्रथम ठेवावींत, आणि त्यांच्याखालीं आपलें नांव, यंत्राचें नांव व तारीख घालावी.